सही आणि अर्पणपत्रिका : अण्णाभाऊ साठे, पक्ष आणि सरकार

मागच्या व्याख्यानात आपण प्लेटोच्या ‘रिपब्लिक’पाशी थांबलो होतो. प्लेटोने आपल्या आदर्श नगरातून कवींना हाकललं, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण हाकलतो कसा, ते तिसऱ्या पुस्तकात बघा. कवी नगरात आला तर त्याला अत्तर लावायचं, डोक्याला लोकरीची पट्टी बांधायची, वंदन करायचं, आणि मग सांगायचं की बाबा, तुझ्यासारख्याला इथं जागा नाही, दुसरं गाव बघ. म्हणजे सत्कार आणि हद्दपारी एकाच समारंभात. मी जवळजवळ चाळीस वर्षं हा उतारा वर्गात शिकवला आणि मुलं दर वेळी हसायची. आज त्या उताऱ्याला माणसांची नावं द्यायची आहेत. नाव मुख्यतः एकच, अण्णाभाऊ साठे. पण त्यांच्याकडे जाताना मी तुम्हाला बल्गेरियातून नेणार आहे. वाट थोडी लांबची आहे, जरा धीर धरा.

सोफिया शहरात २२ एप्रिल १९२० रोजी वालेरी मेव्होराह नावाचा मुलगा जन्मला. वडील ज्यू, वकील. मुलगा डॉक्टरकी शिकला, पण ओळखला गेला तो वालेरी पेत्रोव्ह या टोपणनावाने, कवी आणि पटकथाकार म्हणून. महायुद्धात बल्गेरियाचं सरकार जर्मनीच्या बाजूला होतं, ज्यूंवर निर्बंधांचे कायदे झाले होते. तेव्हा १९४४ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले ते या तरुणाला सुटकेसारखे वाटले यात नवल काही नाही. तो पक्षाचाच माणूस होता. पुढे सरकारी चित्रपटसंस्थेसाठी त्याने पटकथा लिहिल्या. १९५८ चा ‘छोट्या बेटावर’ हा त्यातला गाजलेला चित्रपट. १९२३ चा उठाव फसल्यावर पकडलेले राजकीय कैदी, एक बेट, आणि पळून जायचा बेत. विषय पक्षाच्या इतिहासातला, त्यामुळे खरं तर कौतुकच व्हायला हवं होतं. पण पेत्रोव्हची माणसं घोषणा देत नाहीत. घाबरतात, आठवणी काढतात, शेवटी बेत फसतो. वरच्यांना ते रुचलं नाही. तरी हा चित्रपट लोकांपर्यंत गेला. त्याच सुमाराचा ‘आयुष्य संथ वाहतं’ हा दुसरा एक चित्रपट डब्यात गेला तो १९८८ पर्यंत, तीस वर्षं.

पेत्रोव्हच्या आयुष्यातला कसोटीचा प्रसंग मात्र चित्रपटाचा नाही. तो आहे एका सहीचा. १९७० साली सोल्झेनित्सिनला नोबेल मिळालं. बल्गेरियन लेखकांनी त्याचा निषेध करावा, असा मसुदा पुढे आला. सही करायची होती, एवढंच. पेत्रोव्हने केली नाही. पक्षातून त्याला काढलं. मग त्या कवीने शेक्सपिअर आपल्या भाषेत आणायचं प्रचंड काम केलं, सगळी नाटकं. आणि गंमत बघा, १९८९ नंतर सगळे रातोरात लोकशाहीवादी झाले तेव्हाही हा गृहस्थ डावाच राहिला. २०१४ मध्ये वारला. बल्गेरिया म्हटलं की पुष्कळांना गेओर्गी मार्कोव्ह आठवतो, १९७८ ला लंडनच्या पुलावर छत्रीच्या टोकाने विष टोचून मारलेला लेखक. ती गोष्ट थरारक आहे, पण पेत्रोव्हची मला जास्त उपयोगाची वाटते. कारण त्याला कोणी मारलं नाही. त्याच्यापुढे फक्त एक कागद ठेवला होता.

आता १९२० हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी, १ ऑगस्टला, वारणेच्या खोऱ्यात वाटेगावला तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला.

त्यांचं चरित्र तुम्हाला सांगत नाही. दर जयंतीला आपल्या अहिल्यानगरच्या (सवयीने मी नगर म्हणतो, ते चालवून घ्या) चौकाचौकात ते फलकावर लावलेलं असतं. शाळेत दीड दिवस, वाटेगाव ते मुंबई पायी, गिरणी, झोपडपट्टी. या फलकांतून एक तपशील बहुधा गळतो, तो तेवढा सांगतो. अण्णाभाऊ ज्या मांग समाजात जन्मले तो इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली होता. या कायद्याखाली माणूस काही न करताच गुन्हेगार ठरायचा. जन्मलात म्हणून गुन्हेगार. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. म्हणजे पेत्रोव्हचा आणि सत्तेचा संबंध पन्नाशीत एका कागदाशी येऊन ठेपला. अण्णाभाऊंचा संबंध पाळण्यापासून होता, आणि तोही नोंदवहीतल्या नावाचा. हा फरक मनात ठेवल्याशिवाय पुढचं काही नीट वाचता येणार नाही.

मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये त्यांना कम्युनिस्ट भेटले. त्यांची पहिली रचना डासांवरची, मच्छरांचा पोवाडा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. क्रांती नंतर, आधी डास. जो कवी डासांपासून सुरुवात करतो त्याला वस्तुस्थिती काय असते ते कोणी शिकवावं लागत नाही. नंतर आला स्टालिनग्राडचा पोवाडा, १९४३ च्या सुमाराचा. इथं आपल्याला आपल्याच गावाच्या किल्ल्यात डोकवावं लागतं.

ऑगस्ट १९४२ पासून आपल्या भुईकोट किल्ल्यात कोण होतं? नेहरू, पटेल, मौलाना आझाद, काँग्रेसची बहुतेक सगळी कार्यकारिणी. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथंच लिहिलं, आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’ची पत्रं इथंच लिहिली. बरोबर त्याच वर्षी, जुलै १९४२ मध्ये, इंग्रजांनी कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवली, कारण रशिया युद्धात उतरल्यावर पक्षाने या युद्धाला लोकयुद्ध म्हटलं आणि ‘चले जाव’ला विरोध केला. म्हणजे नगरच्या किल्ल्यात काँग्रेस कोंडलेली, आणि माटुंग्यात कम्युनिस्ट कलावंत मोकळे. पोवाडा स्टालिनग्राडचा झाला, नगरच्या किल्ल्याचा झाला नाही. बेचाळीसच्या लोकांनी हे कम्युनिस्टांना कधी माफ केलं नाही. दत्ता देशमुखांसारख्यांच्या या जिल्ह्यात जुने लोक अजून हा वाद घालतात आणि घालावा.

पण समीक्षा म्हणून बघायचं तर प्रश्न वेगळा आहे. पक्षाची भूमिका चुकीची असेल, तर तिच्यातून आलेला पोवाडा आपोआप खोटा ठरतो का? मला नाही वाटत. पोवाडा ही वेढ्याची आणि किल्ल्याची कला आहे. तुळशीदासाने सिंहगड गायला. चांदबीबीने १५९५-९६ मध्ये मुघलांच्या वेढ्यात हाच नगरचा किल्ला लढवला. मराठी श्रोत्याच्या कानात ‘गड राखणं’ आधीपासून बसलेलं आहे. अण्णाभाऊंनी व्होल्गेकाठचं कधी न पाहिलेलं शहर उचललं आणि त्या कानात आणून ठेवलं. शहराचा गड झाला, कामगारांचे मावळे झाले. राजकीय हिशेब त्या घडीचा होता, घाट तीनशे वर्षांचा. घडी गेली तरी घाट उरला. असं दर वेळी होत नाही. प्रचाराची ढीगभर कवने विरून गेली, त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत.

१९४४ ला अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक झालं. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचं इलेक्शन’, ‘मूक मिरवणूक’, ‘लोकमंत्र्याचा दौरा’ ही नावंच वाचा, विषय कळतो. तमाशाचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला होता. गण, गवळण, बतावणी, वग. अण्णाभाऊंनी गवळण काढून टाकली आणि गणातला गणपती हलवून तिथं मातीला, हुतात्म्यांना, कष्टकऱ्यांना वंदन ठेवलं. हा बदल पक्षाच्या विचाराने झाला, हे उघड आहे. आणि इथं मला स्पष्ट म्हणायचंय की पक्षाने त्यांना काहीतरी दिलं. आपल्याकडे दोन प्रकारचे लोक असतात. एक म्हणतात अण्णाभाऊंना पक्षाने घडवलं. दुसरे म्हणतात पक्षाने वापरून घेतलं. दोघांनाही कलाकृती उघडून बघायची नसते. गवळण गेली म्हणून थोडा रंग गेला, हे खरं. तमाशाच्या रसिकाला तो जाणवतो. पण गणाची जागा रिकामी न ठेवता तिथं नवं वंदन बसवलं, म्हणजे तमाशाचा सांगाडा त्यांनी मोडला नाही, त्याच्यावर विश्वास ठेवला. ज्याला लोककलेची लाज वाटते तो असं करत नाही.

मग स्वातंत्र्य आलं, आणि पारडी उलटली. किल्ल्यातले लोक मंत्रालयात गेले. १९४८ मध्ये दोन गोष्टी झाल्या. मुंबई राज्यात मोरारजी देसाई गृहमंत्री असताना तमाशावर बंदी आली. अश्लीलता हे कारण सांगितलं गेलं, पण लाल बावट्याच्या वगांत अश्लील काय होतं? तिथं शेटजी होते, मंत्री होते. नाटक थांबवायला तर इंग्रजांचा १८७६ चा कायदा तयारच होता, तो काही कोणी जाळला नव्हता. पुढे संहिता आधी सरकारला दाखवा मग प्रयोग करा, अशी व्यवस्था झाली. अण्णाभाऊंनी आणि इतरांनी मग तमाशाला लोकनाट्य म्हणायला सुरुवात केली. नाव बदललं, खेळ चालू राहिला. आपल्याकडची ही जुनी युक्ती आहे, आणि मला तिचं कौतुक वाटतं.

१९४८ ची दुसरी गोष्ट पक्षाच्या आतली. कलकत्त्याच्या अधिवेशनात पी. सी. जोशी गेले आणि बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले. जोशींना कलावंत आवडायचे, त्यांच्या काळात इप्टा फुलली. रणदिव्यांची ओळ कडक होती. आलेलं स्वातंत्र्य खरं नाही, लगेच उठाव करा. ही ओळ दोनच वर्षं टिकली, पण सांस्कृतिक आघाडीचं त्यात बरंच नुकसान झालं. कोण खरा क्रांतिकारक आणि कोण पेटी-बूर्झ्वा याच्या याद्या होऊ लागल्या. बंगालात ऋत्विक घटकने सांस्कृतिक आघाडीवर एक टिपण लिहिलं आणि १९५५ मध्ये त्याला पक्षाबाहेर जावं लागलं. तेव्हा कम्युनिस्ट सत्तेखालचा कवी ही गोष्ट सोफियातच घडत होती असं समजू नका. आपल्याकडे पक्षाकडे राज्य नव्हतं, पण कवीवर सत्ता होती. आणि बाहेर काँग्रेसचं सरकार होतं, ते वेगळं. पेत्रोव्हला एक चौकीदार होता. अण्णाभाऊंना दोन. तिसऱ्याचं नाव पुढे येईल.

आता ‘फकिरा’. १९५९. माझ्या मते मराठी कादंबरीतल्या पहिल्या दहांत बसणारं पुस्तक, आणि हे मी मांगवाड्याच्या अस्मितेसाठी म्हणत नाही. ही कादंबरी जर पक्षाच्या साच्यातून काढली असती तर कशी झाली असती? नायक गिरणी कामगार, किंवा शेतमजूर जो शेवटी कामगारांच्या नेतृत्वाखाली येतो. देवदेवस्कीला अंधश्रद्धा म्हणून झटकलं असतं. ब्राह्मण कुलकर्णी खलनायक. आणि अण्णाभाऊंनी काय केलं? कादंबरी सुरू होते जोगणीवरून. शिगावच्या जत्रेतून जोगणी आणायची, आपल्या गावाला मान मिळवून द्यायचा, म्हणून राणोजी जिवावर उदार होऊन जातो, जोगणी आणतो आणि मारला जातो. मार्क्सवादी नजरेने हा शुद्ध वेडेपणा. गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवलं तो त्या गावाच्या मानासाठी मरतो. अण्णाभाऊ ते वेडेपणा म्हणून लिहीत नाहीत, उपरोधाने तर मुळीच नाही. तिथं अभिमान आहे, आणि अभिमानाच्या पोटात असलेली जीवघेणी विसंगती तशीच ठेवलेली आहे. वाचकानं ती स्वतः सोसायची. पुढे विष्णुपंत कुलकर्णी मांगांच्या पाठीशी उभा राहतो. दुष्काळात फकिरा धान्य लुटतो, खजिना लुटतो. शेवटी आपल्या माणसांना इंग्रजांनी ओलीस धरलं म्हणून स्वतः हजर होतो. संघटना कुठाय? वर्गजाणीव कुठाय? फकिरा हजर होतो ते इमानापोटी. इमान हा शब्द मार्क्सच्या परिभाषेत बसत नाही, पण या कादंबरीचा कणा तोच आहे.

आमच्याकडे शरच्चंद्र मुक्तिबोध, दि. के. बेडेकर यांच्यासारख्या मार्क्सवादी समीक्षकांनी मानुषतेची, सौंदर्यमूल्याची खोल चर्चा केली. ती वाचावीच. पण ‘फकिरा’सारखी कादंबरी समोर आली की त्या परिभाषेला घाम फुटतो. ही तक्रार म्हणून सांगत नाही. पुस्तक सिद्धांताच्या पुढे गेलं, एवढंच.

आणि आता ज्यासाठी मी पेत्रोव्हला एवढ्या लांबून आणलं, ते पान. ‘फकिरा’ची अर्पणपत्रिका. कादंबरी अर्पण केली आहे बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला. लेनिनला नाही, पक्षाला नाही, गॉर्कीलाही नाही. हे १९५९ साल आहे. सात वर्षांपूर्वीच्या, १९५२ च्या निवडणुकीत, मुंबईत एकाच मतदारसंघात डांगे आणि आंबेडकर उभे होते, पक्ष समोरासमोर होते, दोघंही पडले, आणि त्या प्रचाराची कटुता दोन्हीकडे राहिली होती. कम्युनिस्टांचं म्हणणं, आंबेडकर कामगारवर्गात फूट पाडतात. आंबेडकरांचं म्हणणं, तुम्हाला जात दिसतच नाही. अशा वेळी कम्युनिस्ट शाहीर आपलं सगळ्यात मोठं पुस्तक आंबेडकरांना देतो. भाषण नाही, राजीनामा नाही, पत्रक नाही. एक पान. त्याआधी १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनीच केलं होतं. तिथं त्यांनी शेषनागाची जुनी गोष्ट घेतली आणि पृथ्वीचा भार त्याच्या डोक्यावरून उतरवून दलित आणि कष्टकरी यांच्या तळहातावर दिला. दलित आणि कष्टकरी, दोन्ही शब्द एका श्वासात. त्यांच्या पक्षाला त्यातला दुसरा शब्द पुरत होता. पुढे दलित चळवळीतल्या काहींना पहिला पुरायला लागला. अण्णाभाऊंना दोन्ही लागत होते.

पेत्रोव्हने सही नाकारली. अण्णाभाऊंनी सही केली, पण जिथं अपेक्षित नव्हती तिथं. मला या दोन कृती एकाच जातीच्या वाटतात.

इतकं म्हटल्यावर आता अवघड भाग. ‘माझा रशियाचा प्रवास’. १९६१ मध्ये अण्णाभाऊ सोव्हिएत रशियाला गेले. हे प्रवासवर्णन पुष्कळांच्या आवडीचं आहे, माझ्या नाही. लेखनाच्या दृष्टीने ते त्यांचं दुबळं पुस्तक आहे. ज्या लेखकाची भाषा वारणेच्या दगडासारखी खडबडीत, ती इथं पाहुण्यासारखी नीट बसते, आभार मानते. सगळं स्वच्छ, सगळे हसतमुख. एखाद्या माणसाचा स्वभाव दिसेल अशी भांडणं नाहीत, तिरकेपणा नाही. आणि साल बघा. १९५६ मध्ये ख्रुश्चॉव्हने स्टालिनच्या अत्याचारांवर भाषण केलेलं. १९५८ मध्ये पास्तरनाकला नोबेल नाकारायला लावलेलं. ज्या स्टालिनग्राडचा पोवाडा अण्णाभाऊंनी गायला त्या शहराचं नाव याच १९६१ च्या नोव्हेंबरात पुसून व्होल्गोग्राड केलं गेलं, स्टालिनचा देहही समाधीतून हलवला गेला. या उलथापालथीचा ताण पुस्तकात शोधायला गेलो तर हाती फारसं लागत नाही.

इथं थांबून ‘आंधळे भक्त’ असा शिक्का मारणारे पुष्कळ आहेत. मी तसा मारणार नाही, आणि त्याचं कारण सहानुभूती नाही. कारण ज्ञानमीमांसेचं आहे, माझ्याच विषयातलं. माणूस परदेशात जाऊन काय बघतो हे त्याच्या डोळ्यांवर जितकं अवलंबून असतं तितकंच तो कुठला प्रश्न घेऊन गेला आहे यावर असतं. अण्णाभाऊ कुठला प्रश्न घेऊन गेले? इथं कोणी उपाशी आहे का. रस्त्यावर कोणी निजतो का. हातांना काम आहे का. मी कोण, कुठल्या जातीचा, असं इथं कोणी विचारतं का. ज्याच्या समाजाची पोलिसात हजेरी होती, त्या माणसाला एक देश पाहुणा म्हणून बोलावतो, तिथं त्याचं लेखन आधीच पोचलेलं असतं, लोक हात हातात घेतात. त्याच्या प्रश्नांची उत्तरं त्याला मिळाली, आणि ती सगळी खोटी नव्हती. पेत्रोव्हचा प्रश्न दुसरा होता. इथं कोणाचं तोंड बांधलंय का. सोफियातल्या, डॉक्टरकी शिकलेल्या, पोट भरलेल्या माणसाला तो प्रश्न आधी सुचला. यातला एक प्रश्न वरच्या दर्जाचा आणि दुसरा खालच्या, असं मानायला माझी तयारी नाही. पण एक विचारला म्हणून दुसरा माफ होत नाही, हेही आहे. अण्णाभाऊंनी रशियात दुसरा प्रश्न विचारला नाही. मुंबईत तर तो ते रोज विचारत होते, मोरारजींना. तो तिथं विचारायला हवा होता, असं मी म्हणेन. त्यांच्या प्रतिभेचा मान ठेवूनच म्हणेन. देवळात ठेवलेल्या माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत, आणि मग त्याचं पुस्तकही वाचता येत नाही.

या प्रवासवर्णनाचं पुढे काय झालं बघा. २०२२ च्या सप्टेंबरात मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसला. अनावरणाला महाराष्ट्राचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री गेले होते. सोव्हिएत रशिया राहिला नव्हता, तिथलं सरकार कम्युनिस्ट नव्हतं, इथलं तर नव्हतंच. पुतळ्याला सगळ्या बाजूंनी वंदन झालं. अत्तर आणि लोकरीची पट्टी. मला पुतळ्याबद्दल आक्षेप नाही. पण त्या वर्षी ‘माझा रशियाचा प्रवास’ किती जणांनी उघडून वाचलं असेल?

तिसरा चौकीदार म्हणालो होतो. तो म्हणजे सिनेमाचा बाजार. बल्गेरियात पटकथा सरकारी समितीपुढे जायची. आपल्याकडे ती वितरकापुढे जाते, आणि वितरक समितीपेक्षा मवाळ असतो असं मानायचं कारण नाही. १९५९ मध्ये अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला, पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. झालं, मराठी सिनेमाला तमाशा सापडला. अण्णाभाऊंच्या गोष्टी सिनेमात गेल्या त्या या लाटेत. ‘वैजयंता’ १९६१ मध्ये आला, गजानन जागीरदारांचा. कादंबरी तमाशातल्या बाईच्या आयुष्याची, तेव्हा नाव तसंच राहिलं. ‘फकिरा’चंही राहिलं. बाकीची यादी ऐका. ‘आवडी’ कादंबरीचा झाला ‘टिळा लावते मी रक्ताचा’. ‘माकडीचा माळ’ ही भटक्या जमातींच्या पालांवरची कादंबरी, तिचा झाला ‘डोंगरची मैना’. ‘चिखलातील कमळ’ ही मुरळी सोडण्याच्या प्रथेवरची, तिचा झाला ‘मुरली मल्हारीरायाची’. ‘अलगूज’चा झाला ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’.

ही नावं नुसती आकर्षक केली, असं म्हणून सोडू नका. माळ हा जागेचा शब्द आहे. गावाला नको असलेल्यांनी पालं ठोकायची उजाड जागा. तिचा ‘डोंगर’ झाला की ती निसर्गदृश्य होते, आणि मैना आली की नाच आला. दुसरीकडे चिखल गेला आणि मल्हारीराया आला. म्हणजे प्रथेवरची टीका होती तिथं प्रथेतल्या देवाचं नाव. लक्षात घ्या, हेच अण्णाभाऊ तमाशाच्या गणातून देव काढून कष्टकऱ्याला बसवतात, आणि हाच बाजार त्यांच्या कादंबरीच्या नावात देव परत आणून बसवतो. हे कोणी कट करून केलं नसेल. बाजाराला कट करावा लागत नाही. यातले बरेच चित्रपट १९६९-७० चे आहेत, आणि १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत त्यांची कितीतरी वर्षं गेली, शेवटचा काळ हलाखीचा होता. पडद्यावर त्यांच्या गोष्टी होत्या.

ज्यांना पटकथा या गोष्टीत रस आहे त्यांनी त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घ्या आणि कागदावर दृश्यं पाडून बघा. खाण बंद पडलेली, भीमा नावाचा दांडगा गडी बेकार. मढ्याच्या राखेत सोनं सापडतं, हे त्याला कळतं. मग रोज रात्री स्मशान उकरायचं. एका रात्री कोल्हे आणि भीमा एकाच प्रेतासाठी झुंजतात. पहारीने जबडा उचकटताना बोटं दातांत अडकतात, पहार निसटते, माणसं येतात. बोटं जातात. आणि मग बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. पहाड फोडणारा गडी, बोटांशिवाय. कथा संपली. यात घोषणा एकही नाही, पक्ष नाही, लाल बावटा नाही. भांडवलशाहीवर इतकं जळजळीत मराठीत क्वचित लिहिलं गेलंय, आणि लेखकाने तो शब्दही उच्चारला नाही. पेत्रोव्हच्या बेटावरचे कैदी आणि हा भीमा यांची गाठ पडली तर एकमेकांना ओळखतील. दोघांचेही बेत फसतात, आणि दोन्ही लेखक त्यांचं सांत्वन करत नाहीत.

बोलायचं ते साधारण झालं. समोर प्रश्न येताहेत. एक श्रोते विचारतात, सोल्झेनित्सिनच्या निषेधाचा कागद अण्णाभाऊंपुढे आला असता तर त्यांनी सही केली असती का? १९७० मध्ये ते हयात नव्हते, तेव्हा हा प्रश्न जर-तरचा. रशियाचं पुस्तक वाचून वाटतं, केली असती. ‘फकिरा’ वाचून वाटतं, नसती केली. इमानासाठी स्वतः फासावर जाणारा नायक ज्याने लिहिला त्याला दुसऱ्या लेखकाला पकडून देणाऱ्या कागदावर सही करणं जड गेलं असतं. दोन्ही पुस्तकं त्याच माणसाने दोन-तीन वर्षांच्या अंतराने लिहिली आहेत. मी ‘फकिरा’च्या बाजूने मत देईन, पण ते मत आहे, पुरावा नाही.

दुसरा प्रश्न, नारायण सुर्व्यांचं काय? तो वेगळा विषय आहे. ‘माझे विद्यापीठ’ १९६६ चं. त्यातला मार्क्स हा रस्त्यावर भेटणारा मार्क्स आहे, त्यावर स्वतंत्र तास लागेल. पुढच्या महिन्यात घेऊ. त्याआधी पंधरा दिवसांनी ‘फकिरा’तलं फक्त जोगणीचं प्रकरण आपण ओळ-ओळ वाचणार आहोत. पुस्तक हातात असू द्या, मोबाईलवरचा सारांश चालणार नाही. प्रत मिळत नसेल तर तालुक्याच्या वाचनालयात विचारा, बहुतेक ठिकाणी असते.